जुना बँकर पाहिजे

१ मे, बुधवार

ही डायरी पतपेढीनं फुकट वाटलेली. चार महिने तिच्यात दुधाचे खाडे लिहिले, आजपासून वेगळं लिहिणार आहे. उद्या कुणी विचारलं, "पिंकी, तू पोरीसाठी केलंस काय?" तर ही वही तोंडासमोर धरता आली पाहिजे. कुणी म्हणजे सासूबाईच. दुसरं कोण विचारायला बसलंय!

आज अपूर्वाला तळेगावजवळच्या इंदुरीहून लोणावळ्याला आणलं. माझा नवरा निलेश रेल्वेत ट्रॅकमन होता. तीन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. त्याच्या जागी मला नोकरी लागली, लोणावळा स्टेशनवर पॉइंट्समन, इंजिनं जोडायचं-सोडवायचं काम. बाई असले तरी हुद्दा पॉइंट्समनच. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "हे लाडाचं नाव झालं, खरं नाव सांगा." म्हटलं, "साहेब, खरंच पिंकी आहे. आमच्या आबांना फोन लावून देऊ का?" आधी ट्रेनिंग, मग रात्रपाळ्या, राहायला तिघींत मिळून एक खोली. अपू तेव्हा चार वर्षांची. तिला सासूबाईंकडं ठेवली. दोन वर्षं मी तिच्या लेखी आठवड्याच्या सुट्टीला येणारी बाई.

आता क्वार्टर मिळालंय. अपू सहाची झाली, पंधरा जूनला पहिलीत जाईल. साहेबांना गळ घालून तोवर सगळी सकाळपाळी मागून घेतलीय. शेजारच्या धोंडाबाई दुपारपर्यंत तिला सांभाळतील. सगळं जुळलं. पण निघताना दारात उभ्या राहून सासूबाई काय म्हणाल्या, "बघ बाई. पंधरा जूनपत्तूर रमली तर ठिवून घे. न्हाई रमली तर मी यीन आन् परत घिऊन जाईन. हितल्या शाळंत बी नाव घालून ठिवलंय म्या."

पोरीच्या देखत! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "रमेल. बघाच तुम्ही."

अपू एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. तळेगाव ते लोणावळा सबंध वेळ तिनं कपड्यांची निळी पिशवी मांडीवर धरली. वर फळीवर ठेवू म्हटलं तर ठेवू दिली नाही.

३ मे

घरात एक पलंग, एक कपाट आणि आम्ही दोघी. खेळायला काही म्हणजे काही नाही. अपूची खेळणी सासूबाईंनी तिकडंच ठेवून घेतली, म्हणे आल्यावर लागतील. म्हणजे पोरगी परत येणार हे धरूनच चालल्यात.

बाजारात गेले. एका बाहुलीची किंमत ऐकून दुकानदाराला म्हटलं, ही रात्री उठून भांडी घासते का? तो हसला, मी बाहेर आले. कपाट, गॅस, शाळेची फी यात माझं सगळं संपलंय. नवीन खेळण्यांची गोष्ट या वर्षी सोडून द्यायची.

धोंडाबाईंच्या सुनेनं मोबाइलवर जुन्या वस्तूंचं एक ॲप घालून दिलं. बंगल्यांतली पोरं चार दिवस खेळतात, मग आयाच फोटो काढून टाकतात. खेळण्याचा फोटो, खाली किंमत आणि त्याखाली 'विकण्याचं कारण'. निम्म्याला मिळतं, घासाघीस केली तर त्याच्याही निम्म्याला. घासाघिशीत मी कुणाला ऐकणार नाही.

५ मे, रविवार

पहिली खरेदी! भातुकली, तुंगार्लीतल्या एका बंगल्यातून. कुकर आहे, शेगडी आहे, पोळपाट-लाटणंसुद्धा. मी फोनवरच सांगून टाकलं, "हे बघा ताई, पोरीला नाही आवडलं तर चार दिवसांत परत करीन हां." बाई भली होती, हो म्हणाली.

अपू शेजारीच बसली होती. विचारते, "त्यांनी का दिली?"

कारण वाचून दाखवलं. 'मुलीला आता नको आहे.'

"नको म्हंजी?"

"म्हणजे खेळून खेळून मन भरलं."

तासभर खेळली, मग सगळी भांडी पाण्यानं धुतली, पुसली, आली होती त्याच पिशवीत भरली, गाठ मारली आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. मी बघतच राहिले. काय वळण लावलंय सासूबाईंनी! मनात नसलं तरी कबूल करायला हवं. कपड्यांचंही तसंच. कपाटातला खालचा कप्पा मी तिच्यासाठी रिकामा केला, पण ती एक फ्रॉक काढते, वाळला की घडी घालून परत निळ्या पिशवीत. ती पिशवीही दाराशी. म्हटलं, अगं कपाट आहे की. म्हणाली, "हितंच बरंय."

८ मे

धोंडाबाई म्हणाल्या, "किती गं गुणाची पोर! सांडत न्हाई, लवंडत न्हाई, हट्ट न्हाई. माझ्या नातवंडांनी तर घर डोक्यावर घेतलं असतं." मला फार बरं वाटलं.

एकच गोष्ट खुपते. ती मला काहीच म्हणत नाही. आई नाही, अगं नाही. काही हवं असलं की ओढणी ओढते. आज डाळीला फोडणी देता देता एकदम रडू आलं. मिरचीवर ढकललं.

११ मे

तीनचाकी सायकल घेतली, परंदवडीच्या एका शेतकऱ्याकडून. तळेगावपर्यंत रिक्षा, मग सायकल लोकलमधे. एक आजोबा म्हणाले, "बाई, हिचं तिकीट काढलंय का?" म्हटलं, "स्टाफ आहे." अख्खा डबा हसला. अपूही हसली, जराशी. मी पाहिलं.

घरी येऊन बसवली तर गुडघे हॅन्डलला लागतात. फोटोत कळलं नाही. डोळे फुटले होते का माझे? उद्या परत करणार.

१२ मे, रविवार

सायकल परत केली. त्या माणसानं कुरकुर केली, पण मी सोडते होय? "आमच्या घरी बसत नाही, तुमचं तुम्ही घ्या," म्हणून अंगणात उभी केली आणि पैसे मोजून घेतले.

अपूला बरोबर नेलं होतं. ती त्या सायकलकडं वळून वळून बघत होती. मग मात्र येताना तिनं माझा हात सोडला नाही. रिक्षात नाही, लोकलमधे नाही, स्टेशनवरून घरी येईपर्यंत नाही. एवढा घट्ट की बोटांना मुंग्या आल्या. इतके दिवस वाट पाहिली, आज लेकीनं आपणहून हात धरला! सायकलचे हेलपाटे वसूल झाले.

१५ मे

ड्यूटी, धुणं, झोप. बाहुली पाहिली एक, पण केस कापलेले. अपूनं विचारलं, तिचं कारण काय लिहिलंय. लिहिलं होतं, 'घरात अडचण होते'. अपू म्हणाली, "न्हाई नको."

१९ मे, रविवार

सुट्टी. अपूला माझं स्टेशन दाखवलं. अंबाजी भाऊ ड्यूटीवर होते. रिटायर व्हायला आलेत, मला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच. पुण्याकडं जाणारी एक मोठी गाडी घाट चढून आली, मागं दोन इंजिनं. अपू थक्कच झाली. इंजिन पुढं असतं एवढंच तिला माहीत.

पोरांशी कसं बोलायचं हे भाऊंना बरोबर कळतं. तिच्या शेजारी उकिडवे बसले. "बाळ, घाट लय उभा. फुडच्या एकट्याला झेपत न्हाई. म्हून खाली कर्जतला मागनं ही लावत्यात. ह्याला म्हनायचं बँकर."

"काय करतो?"

"दोन कामं. एक, गाडीला ढकलतो. आन् दुसरं, गाडीला मागं यिऊ देत न्हाई. बँकर लावला का गाडीची काय बिशाद परत खाली जायची!"

"अजिबात न्हाई जात?"

"अजिबात न्हाई."

मग भाऊंनी तिच्यासमोर बँकर सोडवून दाखवला. हवेचा पाइप, कपलिंग, झेंडी. म्हटलं, "बघ, मी रोज हेच करते." वाटलं, खूश होईल. तर एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तू सोडवतीस?"

भाऊ म्हणाले, "आगं, तवर गाडी वर पोचलेली असती बाळ. मग काय भ्या न्हाई."

वाटेत चिक्की घेऊन दिली. अर्धी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळून निळ्या पिशवीत ठेवली. आजीसाठी असेल. असू दे.

२३ मे

आगगाडी मिळाली. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून. गोल रूळ, चार डबे, एक इंजिन, सेलवर चालते. एका डब्याला दार नाही, म्हणून आणखी पन्नास कमी करून घेतले. कारण लिहिलं होतं, 'गाव बदलतोय'. अपूनं विचार केला आणि म्हणाली, "हे चांगलंय."

जोडून चालू केली. माझीच करमणूक जास्त झाली. अपूनं दोन फेऱ्या होऊ दिल्या, मग माझी ओढणी ओढली.

"बँकर कुटंय?"

"याला नसतो गं. हा सपाटीवर चालतो."

"मला बँकर पायजे."

ऐका! बावीस दिवसांत पोरीनं पहिल्यांदा 'मला पायजे' म्हटलं. आकाशातला चंद्र मागितला असता तरी आणला असता. आगगाडी मात्र तिनं परत पिशवीत भरली नाही. रूळ तसेच जमिनीवर. मी स्वयंपाकघरात जाते ती त्यावरून उडी मारून.

२४ मे

ॲपवर 'पाहिजे' अशीही जाहिरात देता येते. धोंडाबाईंची सून माहेरी गेलीय, मीच लिहिली.

'जुना बँकर पाहिजे. चालू स्थितीत असावा. रंग उडालेला चालेल. मागून ढकलता आला पाहिजे. लहान मुलीला हवा आहे, बजेट कमी.'

टाकून ड्यूटीला गेले. दुपारी मोबाइल उघडला तर सतरा मेसेज. पहिला, 'मॅडम कर्ज पाहिजे का, आधार कार्डवर लगेच.' दुसरा, 'मुलीच्या शिक्षणासाठी योजना.' तिसरा, 'सोनं तारण.' एकानं तर नुसतेच हात जोडलेले पाठवले. अंबाजी भाऊंना दाखवलं, तर त्यांना हसता हसता ठसका लागला. "आगं पिंके, जगात बँकर म्हंजी बँकेतला मानूस! घाटातल्या लोकांबिगर कुनाला ठावं हाय आपला बँकर?"

कपाळ माझं! पण जाहिरात काढली नाही. कुणी सांगावं, एखाद्या ड्रायव्हरच्या घरात असेल.

२६ मे, रविवार

फोन आला. शुद्ध बोलणं, तळेगावचे चिंतामणी म्हणून कुणी.

"नमस्कार. जाहिरात आपणच दिली का?"

"हो हो! आहे का तुमच्याकडं?"

"आहे का म्हणजे? अहो, मीच आहे."

"तुम्ही नाही, बँकर."

"बाई, बँकेत छत्तीस वर्षं काढली मी. निवृत्त आहे. घरी बसून कंटाळलोय. काम काय आहे ते सांगा."

मला वाटलं, विकणारा जरा वेगळाच दिसतो. विचारलं, "केवढा आहे?"

"एकोणसत्तर पूर्ण."

"सेंटीमीटर? अहो, मग आमच्या रुळावर कसा बसायचा?"

पलीकडून, "रूळ? आणि ते 'चालू स्थितीत' काय लिहिलंय? गुडघे सोडले तर मी उत्तम चालतो. पण मागून ढकलणार कोण आहे मला?"

मग माझ्या लक्षात आलं. असली लाज वाटली, असली लाज वाटली! सगळं सांगितलं. घाट, इंजिन, अपू. मला वाटलं, फोन आपटतील. ते एवढे हसले की मागून त्यांची बायको विचारायला लागली काय झालं म्हणून. हसणं थांबल्यावर म्हणाले, "एक इंजिन आहे माझ्याकडं. पत्र्याचं, चावीचं. बघायला या."

२ जून, रविवार

तळेगावला गेलो. चिंतामणी काका आणि अनसूया काकू, दोघंच. अपूपुढं लाडवाची बशी ठेवली. काकांनी कपाटातून इंजिन काढलं. काळं, जड, चाकांना लाल पट्टे. त्यांच्या मुलाचं, विहंगचं. तो परदेशात असतो, त्याचीच आता चाळिशी जवळ आली.

अपूचा ठरलेला प्रश्न. "तुमी का देता?"

काका रुमालानं इंजिन पुसायला लागले. काकू म्हणाल्या, "सांगा की. मलाही ऐकायचंय. तीस वर्षं मला हात लावू दिला नाहीत."

काका म्हणाले, "खरं सांगू बाळा? द्यायचं मनात नव्हतं. मन भरलंय असं अजिबात नाही. पण तुझ्या आईची जाहिरात वाचली आणि वाटलं, कपाटात बसून हे बिचारं कुणाला ढकलणार?"

"परत मागाल?"

"छे! दिलं म्हणजे दिलं."

अपूचं तोंड तसंच. काकांनी ते पाहून चष्मा लावला आणि पॅड काढलं. "बँकेत तोंडी काही चालत नसतं." आणि झोकदार अक्षरात लिहिलं, 'हे इंजिन कु. अपूर्वा हिला आज रोजी कायमचे दिले. कोणत्याही कारणाने परत मागितले जाणार नाही.' खाली सही, तारीख. काकूंची साक्षीदार म्हणून सही. माझ्याकडून दहा रुपये घेतले, फुकट घेतलं असं मला वाटू नये म्हणून. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

गाडीत तिनं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. 'कोणत्याही कारणाने' म्हणजे काय ते विचारलं. सांगितलं, काहीही झालं तरी. आत्ता कागद उशीखाली घेऊन झोपलीय. माझं येडं गं ते.

५ जून

बँकर डब्यांपेक्षा मोठा आहे. ढकलतो तेव्हा सगळी गाडी रुळावरून उतरते. अपूला चालतंय. गाडी उचलते, परत लावते, चावी देते. आज भात करपला तरी मी कौतुक बघत बसले.

९ जून, रविवार

सासूबाईंचा फोन. "काय, रमली का न्हाई?"

"रमलीय की. दिवसभर आगगाडी खेळते."

"खेळन्याचं न्हाई इचारत. तुज्याशी बोलती का? आई म्हनती का?"

बरोबर जखमेवर बोट! माझ्या तोंडाला काय आवर आहे? म्हटलं, "नाही म्हणत! घेऊन जा मग पंधराला. मी काय धरून ठेवलंय का? नाही रमली तर घेऊन जा परत!"

फोन ठेवला. अपूची गाडी मधेच थांबली होती. सेल संपले असतील, उद्या आणायला हवेत.

११ जून

सेल नवीन घातले. पण खेळत नाही. जेवणही चिमणीएवढं. धोंडाबाई म्हणाल्या, आजीची आठवण येत असंल.

१४ जून

उद्या सासूबाई येणार, म्हणून रजा टाकलीय. शाळा उद्यापासून, पण दप्तर आणायला माझं मन धजलं नाही. न्यायचीच असली तर दप्तर कुणासाठी?

संध्याकाळी अपूला जवळ घेऊन विचारलं, "तुला आजीकडं जायचंय का?" रडायचं नाही असं ठरवून विचारलं. ती खाली बघून फरशीवर बोट फिरवत बसली. म्हटलं, "सांग राणी, मी रागावणार नाही." म्हणाली, "तुमी ठरवा."

तुमी. म्हणजे मी आणि सासूबाई. मी समजले काय समजायचं ते. लाजेनं 'हो' म्हणवत नाही तिला. पोरगी जिंकून घ्यायला निघाले होते, तीही दुसऱ्यांच्या जुन्या खेळण्यांनी. चुकलंच माझं. जाऊ दे. जिथं सुखी राहील तिथं राहू दे. निळी पिशवी दाराशी भरलेलीच आहे, वेगळी भरायलाही नको.

१५ जून, शनिवार

आज पुष्कळ लिहायचंय.

सकाळी उठले, दूध घ्यायला दार उघडायला गेले तर दाराशी निळी पिशवी नाही. दिवा लावला. पिशवी पार आत, कपाटाच्या खालच्या कप्प्याला टेकलेली. तिच्या मागं चिंतामणी काकांचं इंजिन. तोंड पिशवीकडं. पिशवीला अगदी चिकटून लावलेलं, चावी करकचून पिळलेली. इंजिनाखाली काकांचा तो कागद. आणि अपू पलंगावर नाही, इंजिनाच्या मागं फरशीवर झोपलेली, दोन्ही तळहात इंजिनाला लावून.

बँकर लावला का गाडीची काय बिशाद परत खाली जायची.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. देवा, मी रोज बँकर सोडवणारी बाई, आणि माझ्या घरात पोरगी महिनाभर बँकर मागत होती ते मला कळलं नाही! नाही आवडलं तर परत करीन हां. आमच्या घरी बसत नाही, तुमचं तुम्ही घ्या. घेऊन जा परत. सगळं तिच्या शेजारी बसून बोलले. आणि वळण काय, शिस्त काय, म्हणून कौतुक करत बसले. पाहुणी होती माझी पोर माझ्याच घरात. सामान बांधून बसली होती.

पातेल्याच्या आवाजानं ती जागी झाली. मी फरशीवरच बसले. तिला मांडीवर ओढली, तर अंग आखडून विचारते, "तू मला आजीला का दिलं हुतं?"

"दिलं नव्हतं गं! मला रेल्वेत शिकायला जायचं होतं, तिथं लेकरांना नेऊ देत नव्हते. म्हणून आजीपाशी राहिलीस."

"मन भरलं म्हून न्हाई?"

"मन कसलं भरतंय, बये! रोज रात्री तुझा फ्रॉक उशाला घेऊन झोपायचे मी."

"अडचण हुती म्हून?"

"नाही. कोणत्याही कारणानं नाही."

हे शब्द तिला पाठ होते. तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग अंग सैल सोडलं आणि भोकाड पसरलं. पहिल्यांदाच! असं रडली, असं रडली की धोंडाबाई लाटणं घेऊन धावत आल्या. माझी गुणी पोर घर डोक्यावर घेत होती आणि मी रडत हसत होते.

नऊच्या लोकलनं सासूबाई आल्या. काखेत गोणी, हातात पिशवी, तोंड वाकडं. मी सगळं सांगितलं. माझं चुकलेलं आधी सांगितलं, मग त्यांचं. भांडायची तयारी ठेवून होते. तर त्या मटकन खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बया! म्या तुला भ्या घालाया म्हनलं हुतं, पोरीला न्हाई! तू ड्यूटी ड्यूटी करून हयगय करशील म्हून. कुटलं नाव घालतीया शाळंत? म्या न्यायला न्हाई आले."

गोणी उपडी केली. अपूची इंदुरीची सगळी खेळणी. चिंधीची बाहुली, फुटका डमरू, सागरगोटे. आणि दुसऱ्या पिशवीत नवंकोरं दप्तर, डबा, पाण्याची बाटली. एकेक खेळणं त्या पदरानं पुसून ठेवत होत्या. एवढं मोठं घर आता त्यांना खायला उठेल, ते मला आज दिसलं. दोन वर्षं त्या मागं होत्या म्हणून मी ही नोकरी चढले, हे या वहीत पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. म्हटलं, "आत्याबाई, चार दिवस राहा." म्हणाल्या, "चार का? आठ ऱ्हाते. तुजं कालवन तरी सुदारंल."

अपूनं निळी पिशवी स्वतः रिकामी केली. कपडे कप्प्यात, अर्धी चिक्की आजीच्या हातात. ती चिक्की वाटेत खायला ठेवली होती म्हणे, परत जाताना. आजीनं ती कागदासकट कपाळाला लावली. मग दप्तर पाठीवर घेऊन अपू शाळेत गेली, धोंडाबाईंसकट आम्ही तिघी मिळून सोडायला. पहिल्याच दिवशी उशीर.

आत्ता दुपार. शाळेतून आल्यापासून रिकामी पिशवी घेऊन माझ्यामागं भुणभुण चालू होती, ॲपवर टाक म्हणून. अगं, लागेल कधीतरी, म्हटलं तर ऐकेना. टाकला फोटो. 'प्रवासाची पिशवी, निळी, चेन चालू.'

"आई, कारण न्हाई लिहिलंस."

"काय लिहू?"

"मुलगी आता हितंच ऱ्हाती."

'इथंच राहते' असं लिहायला लागले तर बोट धरलं माझं. हितंच लिही म्हणाली. तसंच लिहिलं. पाच मिनिटांत एकाचा मेसेज आला, 'फायनल किती?' मी त्याला कळवलं, फुकट घेऊन जा, पण परत आणायची नाही.